संगणकाचा खोडवा ठेवावा की मोडावा?



गट ऑफिसातला संगणक बंद पडला की दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "जुनं झालं, भंगारात टाका." दुसरे म्हणते, "नवं कशाला, हेच दुरुस्त करा." आम्हांस दोन्ही घाईची वाटतात. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण बांधावरून ठरवत नाही. सरीत उतरून नांग्या मोजतो, फुटवे पाहतो, मगच नांगर घालतो.

संगणकाचेही तसेच. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा कडक, धूळ भरपूर आणि विजेचा दाब खाली-वर. त्यामुळे पॉवर सप्लाय जळणे, रॅमवर धूळ बसणे, घड्याळाचा सेल संपणे ही दुखणी नांग्या भरण्यासारखी, थोडक्यात निभावतात. मदरबोर्ड गेला आणि जुळणारा भाग मिळेना, तर मात्र मोडलेले बरे. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की थांबावे, असा आमचा ठोकताळा आहे. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. पुढची आवृत्ती न पेलणारे यंत्र सुरू झाले तरी त्यावर बिलांची कामे करू नयेत.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: हे यंत्र काम कोणते करते? वारणा परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली संगणक केंद्रांची योजना निघाली. पुढे संगणक सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा सात गावांत तीच उसाची माहिती मोबाईलच्या संदेशावर देण्याचा प्रयोग झाला. जे काम फोनवर भागते, त्यासाठी सभासदांचा पैसा नव्या डब्यात घालू नये.

पण काही झाले तरी हार्ड डिस्क आधी काढून तिची नक्कल करावी. ते आपले बेणे आहे. लागणीची तारीख गेली तर तोडीचा क्रम चुकतो. उभ्या उसाचे वजन जाते, उताराही जातो. तीच डिस्क भंगारवाल्याकडे गेली तर तुमचा बँक खाते नंबरही तिच्यासोबत जातो. म्हणून डिस्क फोडूनच बाकीचे सामान नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे.

तोवर सभासदांनी ऊस नोंदीची पावती जपून ठेवावी, आणि "नक्कल आहे का?" हे सर्वसाधारण सभेत बिनधास्त विचारावे. तो तुमचा हक्कच आहे.

— ऊस विकास अधिकारी