नसबंदीवाला पाहुणा

पुण्यातला फ्लॅट सुटला आणि नव्या फ्लॅटची किल्ली मिळायला चार आठवडे होते. फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे लॅपटॉप. तेव्हा मी, लॅपटॉप आणि बंड्या असं वऱ्हाड निघालं राळेगणसिद्धीला, आत्याकडे. बंड्या म्हणजे माझा बोका. वय दोन वर्षं, वजन पाच किलो, ऑपरेशन गेल्याच वर्षी झालेलं.

आत्यानं दारातच बास्केट बघितली. "बोका? अगं, चंपी व्यायलीय!"

तिचं काही चुकत नव्हतं. मागच्या खेपेला चंपीची तीन पिल्लं एका बोक्यानं मारली होती. पिल्लं गेली की मांजर लवकर माजावर येते, त्यामुळे परक्या बोक्याची भीती खरीच असते.

"आत्या, याची नसबंदी झालीये."

हा शब्द राळेगणला समजावून सांगावा लागत नाही, बॉस! १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले, त्यानंतर गावानं जी पंचसूत्री धरली, त्यात नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदानाच्या जोडीला नसबंदी आहेच. आत्या हसली. "मग गावचाच म्हणायचा. पण वरच्या खोलीत ठेव."

आता खरं सांगते, घोळ मी घातला. ऑपरेशन झालेला बोका सहसा पिल्लांच्या वाटेला जात नाही, हे मला माहीत होतं. चंपीला कोण सांगणार? तिला फक्त परक्या बोक्याचा वास येत होता. तिसऱ्याच दिवशी मी ओव्हरकॉन्फिडन्समध्ये दार उघडलं. बंड्या उंबऱ्यापर्यंत आला, नाकावर पंजा खाऊन कपाटामागे गेला. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. चंपीनं त्याच रात्री मुक्काम हलवला.

सकाळी गोठ्यात दोनच पिल्लं. तिसरं नाही. आत्या माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी ते कडब्याच्या गंजीत सापडलं, तीन आठवड्यांचं, गार पडलेलं. मी दूध आणायला धावले तर आत्या ओरडली, "आधी ऊब दे!" (अगदी बरोबर. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.) गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तासभर मांडीवर घेतलं, तेव्हा कुठे ते ओरडलं. मग चंपीच्या कुशीत.

त्यानंतर मी सगळं मुकाट्यानं, हळू केलं. जुन्या लुगड्याचे दोन तुकडे केले. एक बंड्याच्या अंगावर फिरवून चंपीच्या ताटलीजवळ, दुसरा उलट. चंपी त्या तुकड्यावर दोन दिवस फिस्कारली, तिसऱ्या दिवशी त्यावर बसली. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग जाळीचं दार. उचलून समोरासमोर नेणं अजिबात नाही. चंपीला पळायला वाट, बंड्याला चढायला कपाट, आणि मी हजर असल्याशिवाय भेट बंद.

शेवटच्या आठवड्यात एका पिल्लानं बंड्याची शेपटी चावली. 'वाचव' अशा नजरेनं माझ्याकडे बघत तो कपाटावर गेला. चंपी अंग चाटत बसली होती, उठलीसुद्धा नाही.

निघताना आत्यानं विचारलं, "चंपीच्या ऑपरेशनला कधीपर्यंत थांबायचं?"

"पिल्लं दूध सोडेपर्यंत. पण तोवर तिला बाहेर सोडू नकोस, अंगावर पाजतानाही ती गाभण राहू शकते."

"बरं," आत्या म्हणाली, "डॉक्टरला तूच फोन लाव."