बंदी गुरांना, वेठ कोणाला?



पूर्वी गावात साथ आली की मरीआईचा गाडा निघत असे. वाजतगाजत तो शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे आपली पिडा शेजारच्या गावाच्या गळ्यात! शेजारचे गाव तोच गाडा पुढच्या शिवेवर ढकलणार. अशाने साथ थांबत नसे, ती फिरत राही. जनावरांच्या साथीत सरकार जी वाहतूकबंदी घालते तिचा अर्थ याच्या अगदी उलट आहे. रोग शिवेपार जाऊ द्यायचा नाही, तो आहे तिथेच संपवायचा. म्हणून ही बंदी आम्हाला योग्य वाटते. पण तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हेही पाहिले पाहिजे.

लम्पी त्वचारोगाचेच उदाहरण घ्या. भारतात हा रोग प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ साली राजस्थान व गुजरातेत त्याने हाहाकार केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातून तो महाराष्ट्रात पसरू लागला. त्या एका वर्षात देशभरात एक लाखाहून अधिक गुरे दगावली. सप्टेंबरमध्ये सरकारने २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगविषयक केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन संपूर्ण राज्य 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केले. गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती, प्रदर्शने बंद झाली आणि गुरांच्या ने-आणीवर बंदी आली.

काहीजण म्हणाले, "जनावर तर धडधाकट दिसते, मग विकायला काय हरकत?" हरकत अशी की, या रोगाची लागण झाल्यावर अंगावर गाठी दिसायला एक ते चार आठवडे लागू शकतात. आज बाजारात उभी असलेली तुकतुकीत गाय रोग घेऊन आलेली असू शकते. गोचीड, डास आणि चावणाऱ्या माश्या हा विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. माशी फार लांब उडत नाही, पण टेम्पोत चढवलेले जनावर एका रात्रीत तीन जिल्हे ओलांडते. म्हणून टेम्पो थांबवावाच लागतो. लसीकरण आणि अशी शिस्त यांच्याच बळावर आपल्या देशातून बुळकांडी हद्दपार झाली आणि २०११ साली सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तो नवसाचा प्रताप नव्हता.

आता ओझ्याचा विचार करू. आपल्या वस्तीत वीस-पंचवीस गुरांचा गोठा कोणाकडे आहे? भूमिहीन मजुराच्या दारात एखादी गाय असते. तिच्या दुधावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. घरात आजारपण आले किंवा मुलीचे लग्न निघाले की तीच गाय बाजारात उभी राहते. तीच आपली बँक. बाजार बंद झाला की बँकेलाच कुलूप लागते. मोठा बागाईतदार दोन महिने थांबू शकतो. ज्याला उद्या दवाखान्यात पैसे भरायचे आहेत तो कसा थांबणार? लम्पीने मेलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार व वासरासाठी १६ हजार रुपये मदत राज्याने जाहीर केली, हे चांगलेच झाले. परंतु बाजार बंद पडल्याने ज्या हमालाची, गुरे हाकणाऱ्याची किंवा चहाच्या टपरीवाल्याची रोजी बुडाली, त्याचा हिशेब त्या आकड्यांत नव्हता. बंदी साऱ्या समाजाच्या भल्यासाठी असेल, तर तिची किंमतही साऱ्या समाजाने मोजावी, असे आमचे मत आहे.

यापेक्षाही गंभीर प्रश्न मेलेल्या जनावराचा आहे. जिवंत जनावर हलवायला बंदी, पण मेलेले तर हलवावेच लागते. ते कोणी हलवायचे? शतकानुशतके गावाने याचे उत्तर आपल्या वाडवडिलांच्या माथी मारले होते. ढोर ओढायचे त्यांनी, आणि गोठ्यात गुरे मरू लागली की विषप्रयोगाचा संशयही त्यांच्यावरच! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. गावोगावच्या आपल्या माणसांनी ढोर ओढणे बंद केले आणि त्यापायी बहिष्कार, मारहाण, उपासमार सोसली. ज्या वतनाच्या नावाखाली ही वेठ चालत असे ते वतनही १९५८ च्या कायद्याने गेले. तरीही २०१६ साली गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर अमानुष मारहाण झाली. काम त्यांच्यावर सोपवायचे आणि त्याच कामासाठी चाबूकही त्यांच्याच पाठीवर, हा कुठला न्याय?

साथीच्या दिवसांत ही जुनी सवय गुपचूप परत येते. "जरा या ना, नेहमीच्या माणसालाच जमतं ते," अशी गोड हाक येते. त्या वेळी ठाम राहावे. लम्पीच्या साथीत शासनाच्या सूचना स्पष्ट होत्या: मृत जनावर किमान ८ फूट खोल खड्ड्यात, खाली-वर चुना टाकून पुरायचे आणि त्याची व्यवस्था स्थानिक स्वराज्य संस्थेने करायची. म्हणजे हे काम ग्रामपंचायतीचे आहे, वस्तीचे नव्हे. जेसीबी आणावा, हातमोजे-गमबूट द्यावेत, योग्य मजुरी द्यावी आणि काम करणारा कोणत्याही जातीचा असावा. जात पाहून बोलावणे आले तर नकार द्यावा. फाशी या रोगाने मेलेले जनावर तर उघडणेही माणसाच्या जिवावर बेतते. बाबासाहेबांच्या आवाहनात स्वाभिमान होता, तसेच आरोग्याचे शहाणपणही होते.

आमच्या गृहिणी भगिनींसाठी थोडे कामाचे. गोठ्याची काळजी बहुधा तुम्हीच घेता. जनावराला ताप, अंगावर गाठी, डोळ्या-नाकातून पाणी दिसले तर त्याला लगेच वेगळे बांधा आणि ग्रामपंचायतीला व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कळवणे हे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे. गोठा कोरडा ठेवा, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करा. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे. अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांत पैसा घालवू नका. जनावर दगावलेच तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून पंचनामा करून घ्या, नाहीतर मदत मिळणे कठीण होते. कागदाची एक प्रत घरात जपून ठेवा.

आणि एक गोष्ट आपणा सर्वांसाठी. गरज कितीही मोठी असली तरी आजार लपवून, रात्रीच्या अंधारात जनावर विकू नये. आपण रोज पंचशील म्हणतो. असत्य न बोलण्याचे चौथे शील बाजाराच्या दावणीलाही लागू आहे. असे आजारी जनावर बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गरिबाच्या दारात जाऊन त्याचा गोठा रिकामा करते. मरीआईचा गाडा आपण केव्हाच सोडला. तो टेम्पोत घालून पुन्हा शिवेपार नेऊ नये. आपण नियम पाळू, आणि नियम करणाऱ्यांकडून आपला हक्कही मागून घेऊ.

जयभीम.