आम्ही हुशार कसे दिसूं?

चार माणसांनीं आपणांस बुद्धिमान् म्हणावें, अशी इच्छा प्रत्येकाच्या मनांत असते, व तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. विद्यार्थ्यांस ती स्वतःविषयीं वाटते, आईबापांस आपल्या मुलांविषयीं वाटते. प्रश्न आहे तो मार्गाचा. पुष्कळांची समजूत अशी दिसते कीं, जड शब्द वापरावे, झटकन् उत्तर द्यावें, आणि आपणांस एखादी गोष्ट समजली नाहीं हें कोणास कळूं देऊं नये, म्हणजे लोक आपणांस हुशार समजतात. आमचें मत याच्या उलट आहे. या उपायांनीं माणूस फार काळ हुशार दिसत नाहीं, आणि हुशार होण्याची त्याची वाट मात्र बंद होते.

प्रथम जड शब्दांविषयीं. निबंधाच्या वहींत 'सकाळ झाली' एवढें लिहून आमच्या विद्यार्थिमित्रांचें समाधान होत नाहीं. तेथें सहस्ररश्मीस पाचारण करावें लागतें. वाचणाऱ्यावर याचा परिणाम काय होतो, याची परीक्षा अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनीं घेतली, व तिची हकीकत 2006 सालीं प्रसिद्ध झाली. त्यांनीं कांहीं लेखांतील साधे शब्द काढून त्यांच्या जागीं कोशांतील लांबलचक शब्द घातले, आणि लेखक कितपत बुद्धिमान् वाटतो असें वाचकांस विचारलें. शब्द जितके अवघड झाले, तितका लेखक वाचकांस कमी बुद्धिमान् वाटला. वाचावयास कठीण अशा वळणाच्या टाइपांत मजकूर छापला असतांही तोच अनुभव आला. ज्यांचें अक्षर परीक्षकांस लावावें लागतें, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी!

आपल्या भाषेस हा धडा नवीन नाहीं. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्या आठवणी 'स्मृतिस्थळ' या ग्रंथांत आहेत. त्यांचे विद्वान् शिष्य केशिराज संस्कृतांत रचना करूं लागले, तेव्हां पंथांतील म्हाताऱ्या बायांस ती कळणार नाहीं व त्या ज्ञानास मुकतील, एवढ्या कारणासाठीं आचार्यांनीं त्यांस थांबविलें, अशी त्यांत आठवण आहे. ऐकणाऱ्या म्हातारीची ज्यास आठवण राहिली, त्याच्या बुद्धीविषयीं सातशें वर्षांनंतरही कोणास शंका येत नाहीं.

आतां दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. आमच्या मतें ती अधिक गंभीर आहे. गणित शिकवून झाल्यावर गुरुजी 'समजलें का?' असें विचारतात, आणि सर्व वर्ग एका सुरांत 'हो' म्हणतो. त्या 'हो' मध्यें न समजलेले किती असतात, हें चाचणीच्या दिवशीं कळतें. अर्ध्यास पावानें भागिलें असतां उत्तर दोन कां येतें, हें पांचवी-सहावींतील एखाद्या मुलास उमगत नाहीं. हात वर करावा तर शेजारचे हंसतील. म्हणून तो 'उलटा करून गुणा' एवढेंच पाठ करतो, आणि गुणही मिळवितो. पुढें बीजगणितांत छेदस्थानीं अक्षरें येतात, तेव्हां पाठ केलेली युक्ति त्यास सोडून जाते, व 'मला गणित येतच नाहीं' असें तो स्वतःविषयीं ठरवून टाकतो. एका दिवसाचें हंसें टाळण्यासाठीं एक संपूर्ण विषय गेला! हुशार दिसण्याची एवढी किंमत द्यावी काय?

शिवाय आपणांस समजलें आहे कीं नाहीं, हें पुष्कळदां आपल्यालाच ठाऊक नसतें. येल विद्यापीठांतील रोझेनब्लिट व कील या संशोधकांनीं 2002 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुलूप, शिवणयंत्र यांसारख्या नेहमींच्या वस्तू कशा चालतात हें आपणांस किती समजतें, याचे गुण त्यांनीं लोकांस स्वतःलाच द्यावयास सांगितले. मग ती क्रिया टप्प्याटप्प्यानें लिहावयास लावली. लिहितां लिहितां पुष्कळांची लेखणी अडली, आणि नंतर त्यांनीं आपले गुण आपणच कमी केले. ही परीक्षा घरींही घेतां येते. शिकलेला धडा धाकट्या भावास त्याच्या भाषेंत सांगून पाहावा. जेथें आपण अडखळूं, तेथें आपल्याच समजुतींत छिद्र आहे असें जाणावें.

यावर कोणी म्हणेल कीं, व्यवहारांत फडाफडा बोलणाराच पुढें जातो. मुलाखतींत त्यालाच पसंती मिळते. यांत तथ्य आहे. पहिली छाप पाडण्यास जीभ पुरते. पण ती छाप दुसऱ्या प्रश्नापर्यंतच टिकते. 'तें कसें?' असें कोणी शांतपणें विचारलें, कीं उथळ पाण्याचा खळखळाट थांबतो. उलट, 'एवढें मला ठाऊक आहे, पुढचें ठाऊक नाहीं. तें शोधून सांगतों,' असें म्हणणाऱ्याच्या पहिल्या वाक्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण त्याचें दुसरें वाक्य खरें असतें.

प्रश्न विचारल्यानें अज्ञान उघडें पडतें, अशी भीति बाळगणाऱ्यांनीं सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचें स्मरण करावें. 1921 सालीं आगबोटीनें प्रवास करीत असतां, समुद्र निळा कां, हा लहान मुलाचा प्रश्न त्यांनीं मनावर घेतला. समुद्रांत आकाशाचें प्रतिबिंब पडतें, हें तेव्हां सर्वमान्य असलेलें उत्तर त्यांस पटलें नाहीं. त्यांतून निघालेल्या अभ्यासाची परिणति 28 फेब्रुवारी 1928 च्या शोधांत झाली, आणि 1930 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा घरीं येतांच 'किती गुण मिळाले?' असें आपण विचारतों, व पाहुण्यांपुढें त्यास इंग्रजी कविता म्हणावयास उभा करतों. हुशारी म्हणजे दुसऱ्यांस दाखविण्याची वस्तु, हें मुलें अशानेंच शिकतात. त्याऐवजीं 'आज काय समजलें नाहीं?' असें कधींकधीं विचारून पाहावें. आणि मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आपणांस येत नसेल, तर तसें मोकळेपणानें सांगून त्याच्याबरोबर पुस्तक उघडावें. वडिलांच्या तोंडून 'मला माहीत नाहीं' हे शब्द ज्यानें ऐकले, त्यास वर्गांत हात वर करण्याची भीति वाटत नाहीं.

नवीन वर्षीं वर्गांत 'समजलें का?' असा प्रश्न येईल, तेव्हां समजलें नसल्यास एकानें तरी उठून तसें स्पष्ट सांगावें. त्याच्या मागून आणखी पांच-सहा हात वर येतील, अशी आमची खात्री आहे.