कोगनोळीचा नाका आणि समितीचा शब्द

पणजीहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव गाठून पुढे कोल्हापूरला जाणाऱ्या गोमंतकीय प्रवाशाला कर्नाटकाच्या हद्दीतले जे शेवटचे गाव लागते, ते कोगनोळी. पुढे दूधगंगेचा पूल आणि त्यापलीकडे कागल. नाक्यावरील फलक कानडी, पण चहाच्या टपरीवर कानी पडणारी बोली कोल्हापुरी वळणाची मराठी. बाजाराला, दवाखान्याला आणि पाहुण्यांकडे जायचे ते पुलापलीकडे. सातबारा आणि शिधापत्रिका मागायची ती मात्र पुलाअलीकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हापासून तीन पिढ्यांचा हा नित्यक्रम आहे.

एरवी हा नाका वर्तमानपत्रांतून गाजतो तो अडवाअडवीमुळे. १९ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावच्या महामेळाव्यास निघालेल्या कोल्हापूरच्या नेत्यांना कर्नाटक पोलिसांनी येथेच रोखले आणि दुसऱ्या दिवशी त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. तथापि आज आम्हांस लिहावयाचे आहे ते एका वेगळ्या नाक्याविषयी. तो कोणा पोलिसाने उभारलेला नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या वाटेवर समितीच्याच माणसांनी तो उभा केला आहे. निवडणूक आली की ‘समितीचा उमेदवार कोण?’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्या प्रश्नापाशी सीमालढ्याचा गाडा अडकून पडतो.

समितीच्या कार्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या बेळगावला संयुक्त महाराष्ट्रात स्थान मिळाले नाही, ही वेदना समितीने जागी ठेवली. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनला कन्नडसक्तीविरुद्धच्या १९८६ च्या आंदोलनात बळी पडलेल्यांचे स्मरण, १ नोव्हेंबरला काळा दिन आणि बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागल्यापासून त्याला उत्तर म्हणून महामेळावा, हा समितीचा वार्षिक क्रम. लाठ्या खाऊन, खटले अंगावर घेऊन सामान्य माणसांनी तो पाळला आहे. प्रश्न वर्षाच्या या चार दिवसांचा नाही. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या मतदानाच्या दिवसाचा आहे.

येथे एक गोष्ट गोमंतकातील वाचकांना समजावून सांगणे अगत्याचे आहे. समिती हा रूढ अर्थाने पक्ष नव्हे. ती एक आघाडी आहे. शेकाप, समाजवादी, काँग्रेसी, हिंदुत्ववादी अशा नाना मतांच्या माणसांनी सीमाप्रश्नापुरते एकत्र यावे, हा तिचा मूळ संकेत. त्यामुळे तिचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या दप्तरी अपक्ष म्हणूनच नोंदले जातात. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार अधिकृत पत्र घेऊन येतो आणि पक्षाचे चिन्ह आपोआप त्याला मिळते. दुसऱ्या कोणाला ते मागता येत नाही. समितीच्या उमेदवाराला यातले काहीच नाही. चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर; ते शेजारच्या मतदारसंघातील सहकाऱ्याचेच असेल याचीही शाश्वती नाही; आणि उरलेल्या जेमतेम पंधरवड्यात ते घरोघर पोचवायचे. अशा उमेदवारापाशी एकच भांडवल असते. ते म्हणजे समितीने त्याच्या बाजूने उच्चारलेला शब्द. त्या शब्दाला कायद्याचे पाठबळ नाही, नैतिक पाठबळ तेवढे आहे. म्हणूनच तो शब्द दोघांना दिला गेला, किंवा दोघांनी आपल्यालाच मिळाल्याचे सांगितले, की त्याची किंमत शून्य होते.

हे नुसते तर्कशास्त्र नव्हे. १९५७ पासून समितीचे आमदार म्हैसूरच्या, पुढे कर्नाटकाच्या विधानसभेत बसू लागले. बा. रं. सुंठणकरांसारखी माणसे तेथे गेली ती मंत्रिपदाच्या आशेने नव्हे. येथील मराठी जनतेला हे राज्य मान्य नाही, हे त्या राज्याच्याच सभागृहात सांगण्यासाठी ती गेली. प्रत्येक निवडणूक म्हणजे एक सार्वमतच, असा तेव्हाचा भाव होता. मतदारसंघांच्या फेररचनेत उचगाव मतदारसंघ नाहीसा झाला आणि २००८ साली समितीचा एकही माणूस निवडून आला नाही. २०१३ साली एकजूट झाली, तेव्हा बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील विधानसभेत पोचले. २०१८ साली समितीत दोन गट पडले, शरद पवारांनी बेळगावात येऊन केलेले एकीचे आवाहनही वाया गेले, एकाच खानापुरात समितीचे नाव सांगणारे दोघे उभे राहिले आणि दोघेही पडले. त्या वर्षी समितीची पाटी कोरी राहिली. २०२३ साली बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर राहिले, पण निवडून कोणीच आले नाही.

याउलट १९९६ सालचा प्रकार पाहावा. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव लोकसभा मतदारसंघात समितीने उमेदवारांची रांगच उभी केली. एकूण उमेदवार झाले ४५६! मतपत्रिका नव्हे, पोथीच छापण्याची पाळी आयोगावर आली. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन लोकसभेची अनामत पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर गेली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा आधार नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक आवश्यक ठरले. त्या दुरुस्तीमागे बेळगावच्या या पराक्रमाचा वाटा मोठा होता. विसंगती अशी की, शेकडो उभे राहिले तेव्हा समितीत एकी होती. दोघे उभे राहिले तेव्हा बेकी झाली. शेकडो उभे राहिले ते ठरवून. दोघे उभे राहिले ते ठरवता न आल्यामुळे.

मतदार उरलाच नाही, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. शुभम शेळके या तरुणाच्या मागे समितीने एकमुखाने आपला शब्द उभा केला आणि त्याला एक लाखाहून अधिक मते पडली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य मात्र अवघे पाच हजारांच्या घरात होते. तोच मतदार पाच महिन्यांनी महापालिकेच्या निवडणुकीत विखुरला आणि अठ्ठावन्नपैकी पस्तीस जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. वाड्यावाड्यांतून समितीचे म्हणवणारे एकाहून अधिक उमेदवार असले, तर मतदाराने कोणाचे ऐकावे?

आता पुन्हा कोगनोळीकडे वळू. निपाणीचा हा टापू सीमाभागातही काहीसा निराळा. बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवणाऱ्या महाजन आयोगानेसुद्धा १९६७ साली निपाणी, खानापूर, नंदगड यांसह अडीचशेहून अधिक गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली होती. म्हणजे निपाणी मराठी आहे, हे विरोधी निवाड्यानेही मान्य केले. तरीही समितीच्या नकाशात निपाणी कडेला पडली. त्याची कारणे आहेत. येथील शेतकरी तंबाखूचा आणि उसाचा; येथील बायाबापड्या वखारींत राबणाऱ्या. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी याच महामार्गावर शेतकरी ठिय्या देऊन बसला आणि ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. पोटाचा प्रश्न आणि भाषेचा प्रश्न येथे एकाच घरात नांदतात. जो पक्ष पोटाच्या प्रश्नाला हात घालील त्याच्याकडे मत जाणार, हे ओघानेच आले.

परिणाम काय झाला? समितीचा माणूस १ नोव्हेंबरला समितीचा आणि मतदानाच्या दिवशी कोणा राष्ट्रीय पक्षाचा, अशी दुहेरी वहिवाट पडली. २०२३ साली निपाणीत भारतीय जनता पक्षाच्या शशिकला जोल्ले विजयी झाल्या, तर राष्ट्रवादी काँग्रेसचे उत्तम पाटील दुसरे आले. महाराष्ट्रातील जो पक्ष सीमाप्रश्नी समितीच्या पाठीशी उभा असल्याचे सांगतो, त्याने येथे स्वतःचा उमेदवार दिला. केवळ त्यालाच दोष का द्यावा? २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला आणि पुरते पाच महिने होण्याआधी त्याच पक्षांचे पुढारी बेळगावात समितीच्या उमेदवारांविरुद्ध मते मागत फिरले. नागपुरातला ठराव दूधगंगेच्या पुलावर ओला होतो, याचा हा पुरावा.

ही दुहेरी वहिवाट किती महागात पडते, हे आम्हां गोमंतकीयांस कोणी शिकवावयास नको. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या एका मागणीवर उभा राहिला आणि १९६३ साली सत्तेवर आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ती मागणी ३४,०२१ मतांनी फेटाळली गेली. तरी त्याच वर्षी भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा निवडून आले, कारण बहुजन समाजाच्या शाळा आणि कसणाऱ्याची जमीन हे प्रश्न त्यांनी हाती धरले होते. पण पुढे उद्दिष्ट धूसर झाले आणि उमेदवाऱ्या नि पदे यांचाच काथ्याकूट उरला. १९७९ साली त्या पक्षाचे सरकार कोसळले ते स्वकीयांच्या फुटीने. ज्या संस्थेजवळ मोठे उद्दिष्ट आहे पण उमेदवार निवडण्याची सरळ रीत नाही, तिचे घर आतूनच पोखरले जाते.

काही जण म्हणतात, निवडणुकांचा नादच सोडा. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, निकालाची वाट पाहा. दावा दाखल होऊन दोन दशके उलटली, हे एक. आणि तो दोन राज्यांमधला आहे, हे दुसरे. कोगनोळीच्या शेतकऱ्याला आपले म्हणणे स्वतः मांडण्याची जागा मतपेटी हीच आहे. ती मोकळी सोडली की सीमाप्रश्न संपल्याची द्वाही फिरवावयास प्रतिपक्ष मोकळा होतो. दुसरे काही जण म्हणतात, राष्ट्रीय पक्षांत शिरून रस्ते, पाणी, मराठी शाळांच्या खोल्या तरी पदरात पाडून घ्या. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पोरांची शाळा गळत असताना बापाला नुसत्या घोषणा पुरत नाहीत. परंतु असा पाठिंबा द्यावयाचा तर तो अंधारात, दोन पुढाऱ्यांच्या समझोत्याने का? तो उजेडात आणि अटी घालून द्यावा.

आमची सूचना साधी आहे. समितीने गावोगाव सभासदांची नोंदवही करावी. नियमानुसार पुढची विधानसभा निवडणूक २०२८ मध्ये येईल. तिच्या निदान सहा महिने आधी इच्छुकांकडून अर्ज घ्यावेत. त्यांना सभासदांसमोर उभे करून प्रश्न विचारावेत आणि गुप्त मतदानाने निवड करावी. डावलल्या गेलेल्याने निवडलेल्याचा प्रचार करावयाचा, हे वचन अर्जावरच लिहून घ्यावे आणि ते मोडणाऱ्याला पुढे समितीच्या व्यासपीठावर स्थान असू नये. निवडून आलेल्याने वर्षातून एकदा गावात येऊन आपल्या कामाचा हिशेब द्यावा. जेथे समितीचा उमेदवार नसेल, तेथे सभासदांच्या संमतीनेच दुसऱ्यास पाठिंबा द्यावा आणि त्याच्याकडून लेखी घ्यावे: सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळावीत म्हणून सभागृहात बोलेन, मराठी शाळा बंद पडू देणार नाही. तालुक्यातील लोकसंख्येच्या पंधरा टक्क्यांहून अधिक असलेल्या भाषिकांना त्यांच्या भाषेतून परिपत्रके मिळावीत, हा अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा जुनाच संकेत आहे. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. हे मागणे कानडी शेजाऱ्याविरुद्ध नाही; सोलापूर-जतच्या कानडी भाषिकालाही तोच हक्क आहे, हे मराठी माणसाने विसरू नये.

उमेदवारीवरून वाद होतात म्हणून कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. जिवंत संस्थेत वाद व्हायचेच. मात्र ते निवडीपूर्वी, सभासदांसमोर आणि एकदाच व्हावेत. निवडीनंतरचा वाद हा वाद नसतो, ती बंडखोरी असते. प्रा. एन. डी. पाटील आयुष्यभर सीमाभागासाठी झटले आणि १७ जानेवारी २०२२ रोजी, हुतात्मादिनीच, त्यांनी जगाचा निरोप घेतला. वडीलधाऱ्याने मध्ये पडून गट जुळवावेत, हा काळ त्यांच्या पिढीबरोबर सरला. आता वडीलधाऱ्याची जागा नियमाने घेतली पाहिजे.

कोगनोळीच्या नाक्यावरचा लोखंडी अडसर पोलिसांच्या हाती आहे. तो आज पडेल, उद्या उचलला जाईल. समितीच्या वाटेवरचा अडसर मात्र समितीच्याच हाती आहे. तो उचलण्यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.