दाखला अडवा, रॅम्प आपोआप होतील

दिव्यांगांसाठी सुगम्यता ही सक्तीचीच बाब असली पाहिजे आणि राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाची धार कोणत्याही शासनाने बोथट करू नये, अशी आमची ठाम भूमिका आहे. रतुरी यांची याचिका २००५ सालची. दृष्टिहीन कार्यकर्त्याला साध्या वावरासाठी इतकी वर्षे झगडावे लागले, हे पुरे झाले.

न्यायालयाने २०१७ च्या दिव्यांग हक्क नियमावलीतील, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम १५ हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याशी विसंगत ठरवला. किमान निकष बंधनकारक करण्यास केंद्राला तीन महिने दिले. ती मुदत केव्हाच उलटली. या निकालाची कसोटी मात्र दिल्लीत नव्हे, महापालिकांच्या बांधकाम परवानगी विभागात लागेल. नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे २०१६ च्या कायद्याचे कलम ४४ बजावते. पण मोजता येईल असा सक्तीचा निकषच नसेल, तर अभियंता दाखला कशाच्या बळावर अडवणार? मग पायरीला टेकवलेली फळीही रॅम्प म्हणून खपते. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंतचा दंड तर विकासक चहापाण्याच्या खर्चात धरतील. दाखला अडकला की मात्र ताबा रखडतो, पैसा अडकतो.

राज्य शासनाने दाखल्यापूर्वीची तपासणी दिव्यांग प्रतिनिधींच्या उपस्थितीत अनिवार्य करावी आणि निकष डावलून सही करणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः कारवाई करावी.