काळ्या आईला उलटी पट्टी



उलटी पट्टी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माल विकायला न्यायचा आणि हमाली, तोलाई, अडत, भाडे कापून वर खिशातलेच पैसे भरून परत यायचे. ही लूट आहे, असे आपण वर्षानुवर्षे ओरडून सांगत आलो. आज जरा अडचणीचा प्रश्न आहे. आपण आपल्या वावराला कोणती पट्टी देतो?

ज्वारीला भाव नव्हता, कापायला मजूर मिळेना, उरलेली रानडुकरांनी खाल्ली. (डुकरांचा बंदोबस्त हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैलजोडी गेली, बैलांमागे शेणखत. राहिली पऱ्हाटी, ती उपटून धुऱ्यावर पेटवली. युरियाच्या पिशवीत नत्र असते, पण सेंद्रिय कर्ब म्हणजे जमिनीचा जो जीव, तो नसतो.

2015 पासून सरकार जमिनीची आरोग्य पत्रिका देते. तीत सेंद्रिय कर्ब 0.50 टक्क्याच्या खाली असला की ‘कमी’ असा शेरा पडतो. माझ्या वावराच्या पत्रिकेवर तोच शेरा आहे, आणि दहा वर्षे पऱ्हाटी मीच पेटवली आहे. कर्ब कमी म्हणजे ओल धरायची ताकद कमी. ऐन ऑगस्टात पावसाने पंधरा दिवस खंड दिला की शेजारच्या खत टाकलेल्या वावरात पाती टिकते, माझ्या वावरात गळते. कोरडवाहूवाल्याची विहीर म्हणजे त्याची मातीच. तीही आपण उताराच्या दिशेने तास काढून पहिल्याच झडीला नाल्यात सोडतो.

दरवर्षी 5 जूनला शहरात पर्यावरणावर भाषणे होतात आणि शेतकरी जमीन नासवतो असे ऐकवले जाते. बोलणाऱ्याच्या अंगातला सुती सदरा कोणाच्या जमिनीच्या कसावर स्वस्त झाला, ते कोणी विचारत नाही. देशाच्या जमिनीचे सर्वेक्षण करणारी संस्था नागपुरात, केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही नागपुरात, दोन्ही 1976 पासून. तरी मातीची झीज कापसाच्या भावात आजवर जमा झालेली नाही. कृषी मूल्य आयोगाचा उत्पादनखर्च बघा. अवजार झिजले तर घसारा धरतात. शेणखत टाकले तर किंमत धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंडही एका हिशेबात धरतात. पण कस झिजला त्याचा रुपया कुठेच नाही. उलट शेणखत टाकलेच नाही तर खर्च तेवढा कमी दिसतो! म्हणजे जमीन जितकी उपाशी, तितका कापूस स्वस्त पिकला, असा निकाल.

हे भांडण दिल्लीशी आहे आणि ते भांडावेच लागेल. पण निकाल लागेपर्यंत माती थांबणार नाही. पऱ्हाटी जाळायला आपण गुलाबी बोंडअळीचे कारण देतो. 2017 साली या अळीने विदर्भाला रडवले हे खरे. फरदड घेऊ नये, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये, हेही बरोबर. पण काढणे वेगळे आणि जाळणे वेगळे. श्रेडरने बारीक करून खड्ड्यात कुजवली तर अळीही मरते आणि खतही होते. एकट्याला यंत्र परवडत नाही, दहा घरांना परवडते. उताराला आडवी पेरणी करायला तर पैसाही लागत नाही. आणि एकरभर का होईना, ज्वारी फेरपालटात परत आणा. दाण्याला भाव नसला तरी कडब्याला गिऱ्हाईक आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपली पत्रिका ट्रंकेतून काढून आणावी. उत्पादनखर्चात मातीची झीज धरा, असा ठराव मांडायचा आहे. तो मांडताना आपल्या हातात आपल्याच वावराचा आकडा असला पाहिजे.