शस्त्राचा परवाना आणि आपले रक्षण

सातारा-सांगलीच्या मातीतील आपल्या समाजास शस्त्र अपरिचित होते, असे कोण म्हणेल? १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईशी मिरजेजवळील कळंबीच्या शिदनाकाचे नाव निगडित आहे. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर साताऱ्यास येऊन राहिले. परंतु ज्या समाजाने राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरले, त्याच्या स्वतःच्या रक्षणाची वाट काय? २००७ साली माण तालुक्यातील कुळकजाई येथे विहिरीच्या वादातून एका बौद्ध शेतकऱ्याची हत्या झाली, हे कसे विसरावे?

अमेरिकेतील बहुतेक घटकराज्यांच्या संविधानांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. आपल्या संविधानात तसा मूलभूत हक्क नाही. कलम १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने व विनाशस्त्र. बंदुकीस १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. कायदा सर्वांस सारखा आहे, हे खरे. पण ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे तो आणि त्याच्याच शेतावर मजुरीस जाणारा, हे दोघे रात्री सारख्याच निर्धास्तपणे निजतात काय?

ही विषमता ओळखूनच १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील १९९५ च्या नियमांत तिसरा नियम घालण्यात आला. अत्याचाराचा संभव असलेल्या क्षेत्रात, आवश्यक वाटल्यास, राज्य शासनाने अनुसूचित जाति-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि जीवित व मालमत्ता यांच्या सुरक्षिततेसाठी अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांस परवाने द्यावेत, असे तो सांगतो. धर्मांतराने हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास फसू नका. १९९० च्या दुरुस्तीने ते बौद्धांसही लागू आहे.

तथापि बंदूक मिळाली म्हणजे निर्भयता मिळाली, असे नव्हे. तथागतांनी शस्त्रविक्रय निषिद्ध मानला. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद दाखविला. म्हणून धमकावणाऱ्याच्या हातातील बंदूक काढून घ्या, ही आपली पहिली मागणी असावी. स्वतःसाठी परवाना ही त्यानंतरची. धमकी येताच ती लेखी नोंदवा, अर्जाची पोच घ्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीपुढे तिसऱ्या नियमाचे नाव घेऊन प्रश्न मांडा. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते; पोच घेतलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावे लागते.